एक्सचेंज बनवायचंय, पण भांडण कोण सोडवणार?

प्रश्न : आम्ही चार मित्र आहोत, दोघं कोडिंगवाले, एक डिझाइन करतो आणि चौथ्याला क्रिप्टोचं नुसतं वेड. मधे कुठलीच कंपनी नाही, लोक थेट एकमेकांशी बिटकॉइनचा व्यवहार करतील असं पी-टू-पी एक्सचेंज मिळून बनवायचंय. सुरुवात कुठून करू? खर्चासाठी आधी स्वतःचं टोकन, म्हणजे आपलंच डिजिटल नाणं, काढलं तर?

उत्तर : टोकन राहू द्या हो आत्ता. आधी हे बघा की अडतं कुठे. 2014 मध्ये माउंट गॉक्स हे बिटकॉइन एक्सचेंज बुडालं तेव्हा साडेआठ लाखांच्या आसपास बिटकॉइन गायब असल्याचं सांगितलं गेलं, कारण कॉइन हलवायच्या सगळ्यांच्या गुप्त चाव्या एकाच कंपनीकडे, तर ते टाळायला मल्टिसिग आहे (कॉइन हलवायला एकापेक्षा जास्त चाव्या लागतात) आणि कॉइनच्या बदल्यात कॉइन असेल तर अ‍ॅटॉमिक स्वॅप आहे, एकतर दोन्हीकडचं पोचतं नाहीतर दोघांचं परत येतं. पण एका बाजूला बँकेतले पैसे आले की सगळं फिसकटतं. घेणारा म्हणतो पाठवले, विकणारा म्हणतो आलेच नाहीत, आणि बँकेत काय झालं ते ब्लॉकचेनला, म्हणजे बिटकॉइनच्या सार्वजनिक खातेवहीला, दिसत नाही. वर काही बँक ट्रान्सफर नंतर उलटवता येतात, ते वेगळंच!

बिस्क या पी-टू-पी एक्सचेंजमध्ये आधी तिसरी चावी लवादाकडे असायची. 2019 मध्ये ती काढली, दोघांच्याच चाव्या आणि दोघांचं डिपॉझिट अडकवलेलं, तरीही जमलं नाही तर मुदतीनंतर रक्कम एका ठरलेल्या पत्त्यावर जाणार. एप्रिल 2020 मध्ये चोराने विकणारा बनून त्या जागी स्वतःचा पत्ता घुसवला आणि मुदत संपायची वाट बघत बसला. सुमारे अडीच लाख डॉलरची क्रिप्टो गेली. समोरून आलेला पत्ता नीट तपासला जात नव्हता, एवढंच.

म्हणून काम असं वाटा. व्यवहाराची प्रत्येक पायरी आधी लिहून काढा, मग एकाने घेणाऱ्याची बाजू लिहायची, दुसऱ्याने विकणाऱ्याची, एकमेकांचा कोड न बघता, फक्त त्या कागदावरून. जिथे जुळणार नाही तिथे कागदच अर्धवट आहे समजा. वेडवाल्या मित्राला टेस्टनेटवर (खोट्या नाण्यांच्या चाचणी नेटवर्कवर) चोर करा, मजेत करेल तो. आणि प्रोग्रॅमच्या नव्या रिलीजवर सही करायची चावी एकाकडेच ठेवू नका, नाहीतर कंपनी गेली आणि तुमच्यातलाच एक जण मालक झाला!

शून्यापासून लिहायची गरजही नाही. बिस्कचा कोड खुला आहे, मोनेरो या क्रिप्टोसाठीचं हावेनो एक्सचेंज त्याच्यावरच उभं राहिलंय. थोडे महिने तिथे बग सोडवा, तुमचं चौघांचं जमतं का तेही कळेल. टोकनचं म्हणाल तर बिस्कवर 2016 पासून व्यवहार चालू होते, काम करणाऱ्यांना बीएसक्यू टोकन द्यायची डीएओ (कंपनीऐवजी सदस्यांच्या मतांवर चालणारी संघटना) 2019 ला आली. क्रम बघा.

आणि तंटे तुम्हीच सोडवणार असाल, हातात चावी ठेवून, तर कायद्याच्या नजरेत तुम्ही लोकांचे पैसे सांभाळणारे ठरू शकता. तो भाग लिहायच्या आधी वकिलाला गाठा, नंतर नाही.