मुलींच्याच कॉलेजात शिकली, बाहेर निभाव लागेल का?

शेवटच्या वर्षाचे निकाल लागायच्या सुमारास हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. कधी आई विचारते, कधी मुलगी. या वेळी दोघी एकत्रच आल्या होत्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

मुलगी तालुक्याच्या गावच्या महिला महाविद्यालयात बी.कॉम.ला. पुण्यात मुलाखतीला गेली, समोर तीन पुरुष बसलेले. 'स्वतःबद्दल सांगा' म्हटल्यावर तिच्या तोंडून शब्दच फुटेना. तेव्हापासून अर्ज करणंच बंद. आई म्हणाल्या, "आमचंच चुकलं, मॅडम. मुलं-मुली एकत्र असलेल्या कॉलेजात घातलं असतं तर धीट झाली असती."

ही शंका आजची नाही. धोंडो केशव कर्वे यांनी 1916 साली महिला विद्यापीठ काढलं, तेव्हाही 'वेगळं कशाला?' असं विचारणारे होतेच. 1921 साली तिथून पहिल्या पाचजणी पदवीधर झाल्या. मला वेगळं शिक्षण हा दोष वाटत नाही. अशा कॉलेजात वर्ग प्रतिनिधी मुलगीच, गॅदरिंगचा हिशेब ठेवणारी मुलगीच आणि माइक हातात घेणारीही मुलगीच. मागे सरकून 'तो बघेल' म्हणायची सोयच नसते.

आई बाहेर जाऊन बसल्यावर मुलगी खरं बोलली. "मॅडम, आता सगळ्या पांगणार. एकीचं लग्न ठरलंय, एक पोलीस भरतीची तयारी करतेय, दोघी एम.कॉम.ला जातायत. त्या होत्या म्हणून मी होते."

दुखणं इथे होतं. मी तिला तीन वर्षांतला एखादा अवघड प्रसंग सांगायला लावला. तिने संध्याकाळच्या एसटीचा सांगितला. गाडी वरचेवर रद्द व्हायची, मुलींना अंधार पडेपर्यंत स्टँडवर थांबावं लागायचं. शेवटी त्या रूटच्या सगळ्या मिळून आगार व्यवस्थापकांकडे गेल्या.

"अर्ज कोणी लिहिला?"

"मी."

"साहेबांशी बोललं कोण?"

"मीच. पण त्या मागे उभ्या होत्या ना!"

"साहेब पुरुषच होते ना?"

ती गप्प झाली, मग हसली. पुढच्या वेळी मी तिला मैत्रिणींनाही घेऊन यायला सांगितलं. आल्या, आणि प्रत्येकीने तेच सांगितलं: धीट बाकीच्या, मी आपली त्यांच्या जोरावर. पोलीस भरतीवालीसुद्धा! तीन वर्षं एका बाकावर बसून हे त्या एकमेकींशी कधी बोलल्या नव्हत्या.

मग आम्ही पायऱ्या ठरवल्या. आधी बँकेत एकटीने जाऊन चौकशी करायची, मग अनोळखी ऑफिसला फोन, मग सराव मुलाखत. त्यासाठी एकीचे मामा आणि माझे दोन सहकारी टेबलापलीकडे बसले. पहिल्या खेपेला हिचा आवाज कापला. तरी उठायचं नाही, सावकाश श्वास सोडायचा आणि वाक्य पुरं करायचं, एवढंच ठरलं होतं. भीती गेल्यावर बोलू म्हणून थांबलं तर ती जात नाही. टाळत राहिलं की वाढते, आणि पुन्हापुन्हा सामोरं गेलं की ओसरते. एकमेकींना रोज रात्री फोन करून 'आज काय केलंस?' विचारायचं त्यांनी स्वतःच ठरवलं.

दुसऱ्या मुलाखतीत ती बोलली. नोकरी तिथे मिळाली नाही, पण अर्ज पुन्हा सुरू झाले. हॉस्टेलचं भाडं, मेसचे दर यांची चौकशीही तिनेच फोनवर केली.

आई-वडिलांना माझं कळकळीचं सांगणं आहे. 'कॉलेजच चुकलं' हे मुलीच्या कानावर घालू नका. तिची तीन वर्षं त्यात वाया ठरतात. दाखल्यासाठी सेतू केंद्रात वडिलांनी न जाता तिला पाठवा. मात्र महिनोन्महिने झोप लागत नसेल, धडधड होत असेल, ती घराबाहेर पडणंच टाळत असेल, तर थांबू नका. जवळ समुपदेशक नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मोफत बोलता येतं, मराठीतूनही.