पाणबुडीची खिडकी किती जाड पाहिजे?

प्रश्न: सर, अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझं छोटं फॅब्रिकेशनचं शॉप आहे, यंत्रमागाचे पार्ट दुरुस्त करत करत दोन वर्षांत एका माणसापुरती पाणबुडी बनवत आणलीय, टाकीचं वेल्डिंग झालंय. आता समोर 20 सेंटिमीटरची गोल खिडकी बसवायचीय. बोर्डवाल्याकडून 8 मिलिमीटरची अ‍ॅक्रिलिक शीट आणलीय, कडेनं भोकं पाडून बारा बोल्ट मारायचा विचार आहे. जास्तीत जास्त 10 मीटर खोल जाणार. चालेल का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर: दादा, नाही चालणार. दोन वर्षं राबलात म्हणून स्पष्ट सांगतो, हिच्यात बसून पाण्यात उतरू नका.

हिशोब बघा. 10 मीटरवर पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण 1 किलो, तुमच्या खिडकीचं क्षेत्रफळ 314, म्हणजे तीन क्विंटलच्या वर भार त्या पातळ शीटवर, आणि मधोमध ताण येतो दर चौरस सेंटिमीटरला 200 किलोच्या आसपास. अ‍ॅक्रिलिक तुटतं साधारण 700 ला, पण ते पटकन ओढून बघितलं तर, तासन्‌तास ताण राहिला की ते हळूहळू वाकत जातं आणि बारीक तडे धरतं. म्हणून मी 50 च्या वर जाऊच देणार नाही. 25 मिलिमीटर जाड घ्या, जाडी तिपटीहून थोडी जास्त झाली की ताण साधारण दहाव्या हिश्शावर येतो, 20 किलो. शीट कास्ट अ‍ॅक्रिलिकचीच मागा, म्हणजे साच्यात ओतून बनवलेली, एक्सट्रूडेड म्हणजे यंत्रातून दाबून काढलेली नको.

आता बोल्ट. खिडकीला एकही भोक पाडू नका, तडा तिथूनच सुरू होतो. टाकीला आतून कड ठेवा, खिडकी बाहेरून बसवा, म्हणजे पाणीच तिला कडेवर दाबून धरतं, वरची रिंग फक्त पडू नये म्हणून. आणि भोवती अर्धा मिलिमीटर तरी जागा सोडा, कारण अ‍ॅक्रिलिक लोखंडाच्या सहापट फुगतं आणि आपल्याकडचं मे महिन्यातलं ऊन तुम्हाला माहितीय, बंद टाकी किती तापते ते हात लावला की कळतं.

अजून एक, पुसायला थिनर, अ‍ॅसिटोन, पेट्रोल काहीच वापरू नका. मी स्वतः एकदा मशिनवर कापलेला तुकडा थिनरनं पुसून ठेवला होता, सकाळी बघतो तर कडेनं केसासारख्या चंदेरी रेषा, अख्खा तुकडा फेकावा लागला. कापताना ताण आत राहतो आणि थिनर तो उघडा पाडतं. म्हणून कापून झाल्यावर ओव्हनमध्ये 80 डिग्रीला काही तास ठेवून सावकाश गार करायचं, पुसायला साबणपाणी.

आत हवा भरून टेस्ट करू नका, दाब उलट्या बाजूनं येतो आणि फुटलं तर तुकडे उडतात. रीतसर परवानगी काढा, 13 मीटर पाणी असेल तिथं रिकामी पाणबुडी वजनं टाकून दोरीनं सोडा, तासभर ठेवा, वर काढून कडेनं टॉर्च मारून बघा. एक जरी चंदेरी रेषा दिसली तरी ती खिडकी बदला.