बेचिराख म्हणजे जळालेलं नव्हे

विचारणा अशी आहे: एका बातमीत ‘बेचिराख झालेल्या प्राचीन इस्रायली वसाहतींचे उत्खनन करणारे आंतरराष्ट्रीय पथक’ असे शब्द होते. खाली ‘खिर्बत अल-मस्तरा’ हे ठिकाण दिलं होतं. पण आग लागल्याचा मजकुरात कुठेच उल्लेख नाही, मग बेचिराख कसं? आणि हे काम करणाऱ्या मंडळींना उत्खनक म्हणावं की उत्खननकार?

शेवटचं आधी. लेखन करतो तो लेखक, उत्खनन करतो तो उत्खनक. त्याला ‘कार’ जोडायची गरज नाही. पुरातत्त्वज्ञ हा मोठा वर्ग आहे, त्यातला प्रत्येक जण काही खणत नाही. आणि ‘पुरातत्व’ लिहिणं आता थांबवा, शब्द ‘तत्त्व’ आहे.

‘इस्रायली’ आणि ‘वसाहत’ हे दोन शब्द एकत्र आले की माझा संताप होतो. इस्रायली म्हणजे १९४८ साली स्थापन झालेल्या देशाचा नागरिक. तीन हजार वर्षांपूर्वीचे ते इस्राएली. हा भेद मराठीत आयता आहे. मराठी बायबल ‘इस्राएल’ लिहितं, कोकणातले बेने इस्राएल स्वतःचं नाव तसंच लिहितात. आणि ‘इस्रायली वसाहती’ म्हटलं की वर्तमानपत्र वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे जॉर्डन नदीच्या पश्चिमेच्या ताब्यातल्या प्रदेशातल्या आजच्या वसाहती येतात. हे उत्खननही त्याच प्रदेशातलं, त्यामुळे घोटाळा दुप्पट. ‘प्राचीन इस्राएली वस्त्या’ म्हणा, दोन्ही अडचणी मिटतात.

आता बेचिराख. हा शब्द रोज मारला जातो. ‘बाँबहल्ल्यात शहर बेचिराख’, ‘आगीत गोदाम बेचिराख’. गोदाम बेचिराख होऊच शकत नाही! फारसीत ‘बे’ म्हणजे विना आणि ‘चिराग’ म्हणजे दिवा. बेचिराग म्हणजे जिथे संध्याकाळी एकही दिवा लागत नाही असं गाव. हा महसुली दप्तरातला शब्द आहे. गावाची शीव आहे, नाव आहे, जमीन आहे, पण उंबरा एकही नाही, म्हणून मौजे अमुक, बेचिराग. लोक दुष्काळाने गेले असतील, पटकीने मेले असतील, नाहीतर पाणी आटलं म्हणून शेजारच्या गावात राहायला गेले असतील. राखेचा संबंध असेलच असं नाही.

मग ‘ग’चा ‘ख’ कुठून आला? माझं मत ठाम आहे: राखेने ओढून नेला. हा नुसता उच्चाराचा घसारा आहे, शब्दाच्या शेवटी घोष (घसा घुमवून उच्चारलेला) वर्ण अघोष होतो, असं काही विद्वान सांगतात. मला ते अजिबात मान्य नाही. तसं असतं तर बागेची ‘बाख’ झाली असती. दागचा डाग झाला, पहिलं अक्षर बदललं तरी शेवटचा ‘ग’ जागेवरच राहिला. बेचिरागचा ‘ख’ झाला, कारण त्या शब्दाच्या पोटात मराठी कानाला ‘राख’ ऐकू येते. आधी कानाने राख ऐकली, मग रूप बदललं, आणि रूप बदलल्यावर अर्थालाही आग लागली. कोशांत ‘बेचिराग’ हे रूप अजून नोंदलेलं आहे, ज्याला शंका असेल त्याने पाहावं.

‘अर्थ बदलला, भाषा वाहती असते’ हे उत्तर मला नेहमी मिळतं. वाहू दे. पण जळण्यासाठी आपल्याकडे भस्मसात आहे, खाक आहे, राखरांगोळी आहे. दिवे विझलेल्या गावासाठी दुसरा शब्द कोणता? उजाड जमीनही असते, ओसाड माळही असतो. बेचिराख फक्त गाव होतं, कारण दिवा माणूस लावतो.

बातमीतलं ठिकाण या अर्थाला किती चपखल बसतं ते पाहा. यरीहो (जेरिको) शहराच्या उत्तरेला, टेकड्यांच्या आडोशाला खिर्बत अल-मस्तरा आहे. २०१७ साली तिथे पहिला हंगाम खणला तो राल्फ हॉकिन्स आणि डेव्हिड बेन-श्लोमो यांच्या पथकाने. हॉकिन्स अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या अॅव्हरेट विद्यापीठाचे, बेन-श्लोमो एरिएल विद्यापीठाचे. हाती काय लागलं? दगडी कुंपणं, कमी उंचीच्या भिंती, आणि आत खापरं अगदी तुरळक. राहती घरं असती तर खापरांचा खच पडला असता. म्हणून उत्खनकांचा अंदाज असा की कुंपणं जनावरांची असावीत आणि माणसं बाहेर तंबूत राहत असावीत. धनगराचं वाडगं ज्याने पाहिलंय त्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. कळप पुढे गेला की मागे दगड राहतात. ही माणसं इस्राएलीच होती असं कुठल्या दगडावर कोरलेलं नाही. इ. स. पू. १२०० ते १०००च्या सुमारास या डोंगराळ भागात लहान वस्त्या एकाएकी वाढतात, त्यावरून बांधलेला तो तर्क आहे.

याच्या उलट हासोर हे प्राचीन शहर. तिथे इ. स. पू. तेराव्या शतकातल्या आगीत राजवाड्याच्या कच्च्या विटा वितळल्या, बसाल्टचे पुतळे तडकले. हासोरची राखरांगोळी झाली. मस्तरा बेचिराख झालं. दोन्हींना एकच शब्द लावला तर उत्खनकाने महिनोन्‌महिने मातीचे थर वाचून जो फरक शोधला तो आपण एका शब्दात पुसून टाकतो.

आणि खिर्बत! अरबीत ‘खिर्बा’ म्हणजे पडीक गाव, पडकी वास्तू. धातू ख-र-ब. याच धातूचा ‘खराब’ फारसीतून आपल्याकडे आला आणि थेट सातबाऱ्यावर जाऊन बसला: पोटखराबा. माझे एक वडीलधारे स्नेही खराबा ‘क्षार’पासून आला असं वर्षानुवर्षं सांगत आलेत. खाऱ्या जमिनीचा खराबा होतो हे खरं, पण शब्द तिथून आलेला नाही. खडक, नाला, वाट, सगळंच पोटखराब्यात जातं, तिथे मीठ कुठे आहे? ‘मस्तरा’त स-त-र, झाकणं, हा धातू आहे. ‘सत्तार’ या नावातही तोच, झाकणारा, म्हणजे दोषांवर पांघरूण घालणारा. खिर्बत अल-मस्तरा म्हणजे झाकलेलं पडीक गाव, आणि टेकड्यांआडची जागा तशीच आहे.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. ख-र-ब हिब्रूतही आहे, तिथे ‘खोर्बा’ म्हणजे उजाड झालेली भूमी. बायबलातल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकात पंचविसाव्या अध्यायात देश उजाड होण्याचं भाकीत आहे. तिथून काय काय नाहीसं होईल? आनंदाचा आवाज, नवरानवरीचं बोलणं, जात्याची घरघर, आणि दिव्याचा उजेड. लगेच पुढच्या वचनात देश ‘खोर्बा’ होईल असं आहे. दिवा गेला आणि गाव खिर्बत झालं! आमच्या दप्तरातल्या कारकुनाने फारसीत जे एका शब्दात नोंदवलं तेच यिर्मया हिब्रूत सांगतो. इथे कोणी कोणाकडून उसनं घेतलेलं नाही. ज्याने रात्री अंधारं गाव पाहिलं त्याला तेच सुचलं.

दिव्याचं महत्त्व उत्खनकांनाही पक्कं ठाऊक असतं. त्या काळचा तिथला दिवा म्हणजे आपली पणतीच: मातीची बशी, ओली असताना कुंभाराने एका बाजूने बोटांनी चिमटलेली, वात टेकायला. चिमटा किती खोल, बूड गोल की जाड उंच बैठकीचं, यावरून काळ ठरतो. चिमटीच्या टोकाला कधी काजळीही टिकलेली असते.

माणसांचं राहिलंच. जॉर्डनच्या खोऱ्यातल्या अशा वस्त्या शोधण्याचं मोठं श्रेय हायफा विद्यापीठाच्या अॅडम झेर्टाल यांचं. १९७३च्या युद्धात ते जबर जखमी झाले, पुढे कुबड्यांवर चालत. १९७८ साली त्यांनी मनश्शे या प्राचीन इस्राएली वंशाच्या डोंगराळ मुलखाचं सर्वेक्षण सुरू केलं आणि ते पायी केलं, टेकडी न्‌ टेकडी, २०१५मध्ये वारले तोवर काम चालू होतं. त्यांना उत्खनकाबरोबर ‘सर्वेक्षक’ही म्हणा. देशोदेशींहून येऊन उन्हात माती उपसणारे ते स्वयंसेवक. जुन्या टायरच्या रबरापासून केलेल्या ज्या टोपलीतून ते माती वाहतात तिला तिथे ‘गुफा’ म्हणतात, मूळ अरबी ‘कुफ्फा’. मराठीत त्याला खुशाल घमेलं लिहा. तो शब्द पोर्तुगीजांकडून आलाय, पण त्यावर पुन्हा केव्हातरी.