स्पॅनिश भयपटांतला नट पॉल नाशी, त्याचे सिनेमे सुरू करतोयस तर

आधी १९७१ चा 'ला नोचे दे वाल्पुर्गिस' बघ. दिग्दर्शक लिऑन क्लिमोव्स्की. लांडगामाणूस वाल्देमार दानिन्स्की झालेला पॉल नाशी मूळचा वेटलिफ्टर, म्हणून त्याची झडप अंगावर येते. वाल्देमार पोलिश का? स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या काळातल्या सेन्सॉरला स्पॅनिश लांडगामाणूस चालत नव्हता.

कथेतल्या फटी मोजत बसू नकोस, मजा निघून जाईल. सुरुवातीलाच शवविच्छेदन करणारा डॉक्टर लांडगामाणूस चांदीच्या गोळीनेच मरतो या अंधश्रद्धेला हसत वाल्देमारच्या प्रेतातल्या तशा गोळ्या काढतो आणि प्रेत उठतं. तिथेच तुला कळेल, हा सिनेमा आपल्यासाठी आहे की नाही.

खरी जादू मात्र व्हॅम्पायर बायकांची. त्या स्लो मोशनमध्ये येतात, धुक्यातून, झिरझिरीत कपडे तरंगत, जणू पाण्याखाली चालल्यात. अभिनेत्री पॅटी शेपर्डची व्हॅम्पायर सरदारीण तर फारसं न बोलताही थंडगार करते. मी आधी एका अंधुक प्रतीवर बघितला होता, अर्धं धुकं काळ्यात बुडालेलं. तू तसं करू नकोस. चांगली प्रत मिळेपर्यंत थांब, स्पॅनिश आवाज ठेव आणि खोलीतला दिवा बंद कर. आवडला तर मग १९६८ चा 'ला मार्का देल ओम्ब्रे लोबो' बघ, वाल्देमार पहिल्यांदा त्यातच आला.