महाराष्ट्रात गांजा-भांग-हेम्पचा कायदा बदलला का, हे कुठे आणि कसं बघायचं

प्रश्न थोडक्यात असा: सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचे माग आहेत, हेम्पमिश्रित (हेम्प म्हणजे भांगेच्याच झाडाच्या देठाचा धागा) सुताचा माल काढायचा विचार आहे, आणि व्हॉट्सॲपवर दर महिन्या-दोन महिन्यांनी "महाराष्ट्रात भांगेच्या शेतीला परवानगी" असं कात्रण येऊन पडतं. खरं-खोटं कसं ओळखायचं आणि सरकारदरबारी काय हलतंय यावर नजर कशी ठेवायची?

मालक, आधी धंद्यापुरतं. सूत विकत घेणं आणि झाड लावणं या कायद्याच्या नजरेत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एनडीपीएस कायदा, १९८५ (अमली पदार्थांवरचा केंद्राचा कायदा) च्या कलम २ मध्ये "कॅनाबिस" म्हणजे चरस, गांजा आणि त्यांची मिश्रणं. गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळधारणेचे शेंडे. सोबत शेंडे नसतील तर बी आणि पाला त्यात येत नाही. देठाच्या सालीपासून काढलेला धागा या व्याख्येत कुठेच बसत नाही. सीमाशुल्काच्या वर्गीकरण यादीत न कातलेलं खरं हेम्प ५३०२, हेम्पचं सूत ५३०८२०, तर कापड ५३११ खाली येतं. पुरवठादाराच्या बिलावर ५३०३ दिसलं तर तिथंच थांबा. ते ज्यूट-ताग-अंबाडीच्या जातीचं शीर्षक आहे, म्हणजे माल हेम्प म्हणून विकला जातोय आणि आहे दुसराच. सुती मिश्रणात ज्या धाग्याचं वजन जास्त, त्याच्या शीर्षकाखाली ते सूत किंवा कापड जातं, हेही ध्यानात असू द्या.

हाच शब्दांचा घोळ शोध घेताना फार छळतो. इंग्रजीत "सन हेम्प" म्हणजे आपला ताग, जो उसाआधी हिरवळीचं खत म्हणून गाडतात. "डेक्कन हेम्प" म्हणजे अंबाडी, जिची भाजी आपण खातो. दोन्हींचा भांगेच्या झाडाशी काही संबंध नाही. पण शोधात नुसतं "हेम्प" टाकलं की ताग बियाण्याच्या अनुदानाचे कागद वर येतात आणि कुणीतरी त्याची बातमी करून टाकतो. कृषी विभागाचा कागद "हेम्प" म्हणून फिरत असेल तर आधी झाडाचं शास्त्रीय नाव वाचा. क्रोटालारिया किंवा हिबिस्कस असेल तर तो कागद आपल्या कामाचा नाही.

आता मूळ मुद्दा. हा कायदा केंद्राचा, पण त्यात राज्याला दोन दरवाजे ठेवलेत. कलम ८ ने झाड लावायला सरसकट बंदी. कलम १० ने राज्याला वैद्यकीय आणि शास्त्रीय कामासाठी लागवड, उत्पादन, वाहतूक यांचे परवाने देता येतात, चरस सोडून. आणि कलम १४ ने सरकार सर्वसाधारण किंवा विशेष आदेश काढून फक्त धागा किंवा बी मिळवण्यासाठी, किंवा बागायती कामासाठी, अटी घालून लागवडीला मुभा देऊ शकतं. तुमच्या प्रश्नाचं सगळं ओझं या कलम १४ वर आहे. महाराष्ट्रात शेती खुली होईल ती कुणाच्या भाषणाने होणार नाही, या कलमाचं नाव घेऊन निघालेल्या आदेशाने होईल. त्यामुळे कागद हातात आला की पहिल्या परिच्छेदात "कलम १४ अन्वये प्रदान केलेल्या अधिकारांचा वापर करून" अशा धाटणीची ओळ आहे का, तेवढं आधी बघा. ती नसेल तर उरलेला कागद निवांत वाचला तरी चालेल.

भांगेचं प्रकरण निराळं. पाला गांजाच्या व्याख्येबाहेर राहतो, म्हणून तो राज्याच्या हातात येतो आणि आपल्याकडे महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ लागू होतो. परवान्याशिवाय भांग बाळगणं-विकणं हा त्याखाली गुन्हा आहे. काशीत भांगेचं सरकारमान्य दुकान दिसतं म्हणून पंढरपुरात चालेल, असं नाही. राज्याला हा अधिकार घटनेनेच दिलाय: सातव्या अनुसूचीत राज्य सूचीच्या नोंद ५१ मध्ये दारू, अफू आणि "इंडियन हेम्प" यांवरचं उत्पादन शुल्क राज्याकडे आहे. औषधं आणि विषं मात्र समवर्ती (केंद्र-राज्य दोघांच्या) सूचीत, नोंद १९. म्हणून राज्याच्या विधेयकाने एनडीपीएसला छेद दिला, तर राष्ट्रपतींची संमती लागते. ती मिळेपर्यंत विधेयक संमत झाल्याच्या बातमीला अर्थ नसतो.

कागदांची पत लक्षात ठेवा. मंत्र्याचं वक्तव्य ही बातमी, मंत्रिमंडळाचा निर्णय हा इरादा, सभागृहाचा ठराव ही शिफारस. शासन निर्णय, म्हणजे जीआर, हा प्रशासनाने आपल्याच यंत्रणेला दिलेला आदेश. त्याने समिती नेमता येते, पद निर्माण होतं, अनुदान वाटता येतं, पण कायद्याने केलेली बंदी उठत नाही. राजपत्रातली अधिसूचना, नियम आणि अधिनियम यांनाच खरं बळ. हिमाचल प्रदेशचं उदाहरण घ्या. महसूलमंत्री जगतसिंह नेगी यांच्या समितीचा अहवाल आला, सप्टेंबर २०२४ मध्ये विधानसभेने ठराव केला आणि लगेच "हिमाचलमध्ये भांगेची शेती कायदेशीर" अशा ओळी फिरल्या. प्रत्यक्षात जानेवारी २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने कृषी विद्यापीठांमार्फत प्रायोगिक अभ्यासाला मान्यता दिली. म्हणजे ठरावानंतरही गाडी चाचणीवरच होती. उत्तराखंडने मात्र टीएचसी, म्हणजे झाडातल्या नशा आणणाऱ्या द्रव्यावर, ०.३ टक्क्यांची मर्यादा घालून खरोखर परवाने दिले. तिकडच्या शेतीची कागदपत्रं वाचून ठेवा, कारण आपल्याकडे मसुदा आलाच तर बियाण्याचा स्रोत, तपासणीची प्रयोगशाळा आणि मर्यादा ओलांडल्यास पीक नष्ट करणं ही कलमं जवळपास त्याच वळणाची असतील, असा माझा होरा आहे.

शोधायचं कुठे? जीआरच्या संकेतस्थळावर तीन विभाग बघा: गृह (राज्य उत्पादन शुल्क त्याच्याच अखत्यारीत येतं), कृषी, आणि वैद्यकीय शिक्षण व औषधी द्रव्ये (अन्न व औषध प्रशासन त्याच्याकडे). प्रत्येक जीआरवर लांबलचक संगणक संकेतांक असतो. त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. शेवटचे दोन विभागाचे. कृषी विभागाचा कुठलाही खात्रीचा जीआर उघडून शेवटचे दोन आकडे लिहून ठेवा, गृह विभागाचेही तसेच. मग व्हॉट्सॲपवर आलेल्या कागदावर "कृषी विभाग" लिहिलंय आणि संकेतांकाची शेपटी दुसऱ्याच विभागाची आहे, किंवा आतली तारीख नि संकेतांकाची तारीख जुळत नाही, हे दहा सेकंदांत कळतं. संकेतांक टाकून मूळ प्रत मिळाली नाही तर तो कागद पुढे ढकलू नका.

शोधशब्दांवर थोडं थांबू, कारण बहुतेक जण इथंच हरतात. सरकारी मराठीत एनडीपीएसचं नाव "गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम" असं आहे. ते आख्खं टाकू नका, "गुंगीकारक" आणि "मनोव्यापार" वेगवेगळे टाका, कारण "औषधिद्रव्ये", "औषधी द्रव्ये" असं काहीही असू शकतं. तसंच "अंमली" आणि "अमली" दोन्ही. जुन्या पीडीएफ युनिकोडमध्ये नसतात. डोळ्यांना मराठी दिसतं, पण कॉपी केलं की अक्षरांचा भुगा होतो आणि शोधात काहीच सापडत नाही. शून्य निकाल आला म्हणजे कागद नाही, असं समजू नका. अशा वेळी विभाग आणि तारखांची मर्यादा लावून यादी हाताने चाळायची. तासभर जातो, इलाज नाही.

राजपत्राचं वेळापत्रक साधं आहे. साप्ताहिक अंक "गुरुवार ते बुधवार" असा छापतात, माथ्यावर इंग्रजी तारखेबरोबर शके असतं. पण आपल्या कामाचं बहुतेक "असाधारण" अंकात येतं, तो कुठल्याही दिवशी, रात्रीसुद्धा. नियम आणि आदेश भाग चारच्या उपभागांत मिळतात. मसुदा नियम असतील तर हरकती-सूचनांची मुदत त्याच अधिसूचनेत लिहिलेली असते. यंत्रमागधारकांच्या संघटनेला काही म्हणायचं असेल तर तेवढाच काळ हातात आहे. नंतर निवेदनं देऊन फोटो तेवढे निघतात.

विधानमंडळाची तीन अधिवेशनं: अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपुरात. विधेयक उघडलं की शेवटून वाचा. "उद्देश व कारणे यांचे निवेदन" यात सरकारला काय हवंय ते सोप्या भाषेत असतं, आणि "वैधानिक अधिकार सोपविण्यासंबंधीचे ज्ञापन" यात कुठल्या खंडाखाली पुढे नियम होणार ते कळतं. म्हणजे पुढचे सहा महिने कुठल्या अधिसूचनेची वाट बघायची ते इथंच समजतं. दुसरी खाच म्हणजे विधेयकाचा क्रमांक आणि अधिनियमाचा क्रमांक वेगळा असतो. राज्यपालांच्या संमतीनंतर जुना क्रमांक टाकून शोधलं तर हाती काही लागत नाही. तिसरी खाच कलम १ मध्ये: "राज्य शासन, राजपत्रातील अधिसूचनेद्वारे, नियत करील अशा दिनांकास तो अंमलात येईल" असं असेल, तर कायदा छापला गेला तरी लागू झालेला नाही.

प्रश्नोत्तरं दुर्लक्षू नका. तारांकित प्रश्न ठरलेल्या साच्यात येतो: "…निदर्शनास आले, हे खरे आहे काय; असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे?" उत्तरात "प्रश्न उद्भवत नाही" आलं तर त्या दिवसापुरतं टेबलावर काही नाही. "बाब शासनाच्या विचाराधीन आहे" आलं तर फाइल आहे, फक्त कुठल्या टेबलावर ते शोधायचं. आमदारांनी मागणी केली एवढीच बातमी असेल, तर मंत्र्याच्या उत्तराची छापील प्रत मिळेपर्यंत तिला महत्त्व देऊ नका.

आणि नुसतं एनडीपीएसवर डोळा ठेवलात तर फसाल. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात राज्याने मकोकामध्ये (संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या राज्याच्या कायद्यात) दुरुस्ती करून अमली पदार्थांचे गुन्हे संघटित गुन्हेगारीच्या व्याख्येत घेतले. त्यात एनडीपीएसचा एक शब्दही बदलला नाही, पण साखळीत सापडलेल्या माणसावरची टांगती तलवार बदलली. शोधयादीत "संघटित गुन्हेगारी नियंत्रण" हेही शब्द हवेत.

केंद्राचे कागद ई-राजपत्रात. तिथं हिंदी अंकात "का.आ." म्हणजे सांविधिक आदेश आणि "सा.का.नि." म्हणजे नियम. शिक्षा किती ते ज्यावर ठरतं, ती गांजाची अल्प मात्रा १ किलो आणि व्यापारी मात्रा २० किलो (चरसची १०० ग्रॅम आणि १ किलो) ही १९ ऑक्टोबर २००१ च्या अधिसूचनेने ठरली. कायद्याच्या मजकुरात हे आकडे सापडणार नाहीत. खाण्याच्या हेम्प बियांचं आणि बीतेलाचं दार एफएसएसएआयने (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) नोव्हेंबर २०२१ च्या अधिसूचनेने उघडलं, तेही एनडीपीएसला हात न लावता. म्हणून बाजारात बियांचं पाकीट दिसलं म्हणजे शेती खुली झाली, असा अर्थ लावू नका.

दुरुस्ती वाचताना जोडकलमं, म्हणजे बदललेल्या कलमाचा हवाला देणारी बाकीची कलमं, पुन्हा तपासा. २०१४ मध्ये कलम २ मध्ये नवा खंड घुसवला, त्यामुळे "अवैध व्यापार" ची व्याख्या (आठ-अ) वरून (आठ-ब) वर सरकली. कलम २७-अ मात्र (आठ-अ) कडेच बोट दाखवत राहिलं. अवैध व्यापाराला पैसा पुरवणाऱ्याला १० ते २० वर्षांची शिक्षा देणारं कलम एका क्रमांकामुळे पोकळ झालं होतं. त्रिपुरा उच्च न्यायालयात हे उघड झालं, मग ३० सप्टेंबर २०२१ ला अध्यादेश आणि डिसेंबरात दुरुस्ती कायदा आला, १ मे २०१४ पासून लागू. चूक दुरुस्त व्हायला सात वर्षं लागली. तयार एकत्रित मजकुरावर विसंबण्यापेक्षा मूळ कायदा आणि प्रत्येक दुरुस्ती शेजारी ठेवून वाचायची ती यासाठीच.

निकालांनीही मजकूर न बदलता कायदा बदलतो. हिरा सिंग प्रकरणात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने मिश्रणातला निरुपद्रवी भागही वजनात धरायचा ठरवलं. सोलापूरची उच्च न्यायालयातली प्रकरणं ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात, तेव्हा शोध घेताना ते बेंच निवडा.

तरीही शंका राहिली तर माहिती अधिकार. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत लागतो, फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. "हेम्पला परवानगी मिळणार का" असं विचारू नका. मत मागितलं की अर्ज निकाली काढतात. असं लिहा: "एनडीपीएस अधिनियम, १९८५ च्या कलम १४ अन्वये महाराष्ट्र शासनाने आजपर्यंत जारी केलेल्या सर्व आदेशांच्या व अधिसूचनांच्या प्रती द्याव्यात. एकही नसल्यास तसे लेखी कळवावे." अर्ज मंत्रालयात गृह विभागाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे करा. सोलापूरच्या राज्य उत्पादन शुल्क अधीक्षक कार्यालयात दिला तर तो कलम ६(३) खाली वर हस्तांतरित होईल, तेवढे दिवस वाया. दुसऱ्या वाक्यावर "निरंक" (म्हणजे एकही नाही) असं उत्तर आलं तर ते जपून ठेवा. पुढच्या वेळी कात्रण आलं की तारखेसकट तेच उत्तर गटावर टाकता येतं.