तुझ्या वाटणीचं वचन

प्रिय बाळा, सलाम.

तुझा रात्रीचा मेसेज सकाळी वाचला, परत एकदा वाचला, आणि खरं सांगू का, दुसऱ्यांदा वाचताना तुझा रागच आला. म्हणे सूर्य मावळायच्या आत भांडण मिटवायचं म्हणून रात्री दीड वाजेपर्यंत बायकोला झोपू दिलं नाही. अरे खुळ्या, सूर्य कधीच मावळला होता की! सकाळी सातला ड्युटी असलेली, दिवसभर वॉर्डात उभी राहणारी पोरगी ती, तिला पलंगावर बसवून बायबलमधलं इफिस 4:26, 'रागवा पण पाप करू नका, सूर्य मावळण्यापूर्वी राग सोडा', ऐकवत बसलास आणि वर मला विचारतोस, काका मी वचन तर पाळलं ना?

ते वचन तुझ्या रागाबद्दल आहे, तिच्या नव्हे. भांडणात वचन वाचायचं ते आपल्या वाटणीचं, माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. पुढचीच ओळ बघ, सैतानाला वाव देऊ नका. दमलेल्या माणसाशी मध्यरात्री वाद घालायचा, यापेक्षा मोठा वाव कुठला देणार त्याला? आणि हे पत्र लिहिणाऱ्या पौलानं 'रागवा पण पाप करू नका' घेतलंय ते स्तोत्र 4 मधून, तिथं तर बिछान्यावर पडून आपल्या मनाशी बोला आणि गप्प राहा असं आहे. मनाशी, बायकोशी नव्हे.

इफिसच्याच पाचव्या अध्यायाचं पण तेच. 22 वं वचन बायकांना, नवऱ्याच्या अधीन असा म्हणून, 25 वं नवऱ्यांना, बायकोवर प्रीती करा म्हणून. आपल्या पुरुषांना 22 तोंडपाठ असतं आणि 25 आलं की चष्मा सापडत नाही. 21 वं तर कुणी काढतच नाही, एकमेकांच्या अधीन असा म्हणून. आणि कलस्सै 3:19, बायकोशी निष्ठुरपणे वागू नका, हे सरळसरळ तुला लिहिलंय, तिला नाही.

आवाज चढायला लागला की उठायचं, पण सांगून उठायचं, तासाभरात येतो म्हणून. न सांगता दार आपटून जाणं हे पण भांडणच झालं. छातीची धडधड कमी व्हायला वीसेक मिनिटं तरी जातात, आणि तेवढा वेळ डोक्यात पुढचं भाषणच तयार करत बसलास तर फुकट. मी रंकाळ्याला जायचो. चर्चमधले काही वडील म्हणायचे बायकोला घाबरून पळतोय. म्हणू देत, त्यांच्याच घरातला आवाज अख्ख्या गल्लीला पाठ होता. तुझी काकी म्हणते मी तासाचे दोन तास करायचो आणि चौपाटीवर भेळ खाऊन यायचो. असेल, पण उपाशीपोटी मला क्षमा सुचत नाही, काय करू? निदान तिच्यावर आयुष्यात वचन फेकून मारलं नाही, आणि यावर मी कुणाचंही ऐकणार नाही.

परत आल्यावर विषय मात्र काढायचा. गप्प झालं म्हणजे मिटलं असं धरून चाललेली घरं आपल्या मंडळीत कमी नाहीत. तुझं भांडण तरी कशावरून, तर भावाला पैसे दिलेस तिला न विचारता. मग 'विचारायला पाहिजे होतं, चुकलं' एवढं बोल आणि थांब. 'पण' म्हणून पुढं सुरू झालास की संपलं, गेली माफी.

हात उगारला असशील तर हे सगळं बाजूला ठेव, तिथं रंकाळा नाही की भेळ नाही. तिनं 181 ला, महिला हेल्पलाइनला, फोन केला तर मी तिच्या बाजूनं उभा राहीन, आत्ताच सांगून ठेवतो. नसशीलच, माहिती आहे मला, तरी सांगतोय.

चर्चच्या पाळकसाहेबांकडं जायचं असेल तर दोघं मिळून जा, तू आधी एकटा जाऊन आपली बाजू मांडून ठेवायची नाही. तिची सुट्टी कधी आहे ते विचारून कळव, काकी तांबडा-पांढरा करणार आहे, तिला मटण आणायला आदल्या दिवशी सांगावं लागतं.

तुझा,
काका