सोलरचं पाणी संध्याकाळी कढत आणि सकाळी कोमट, मोठी टाकी घ्यावी की हीट पंप (हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारं यंत्र)?

टाकी बदलू नका. निदान एवढ्यात नको. तुमची दोनशे लिटरची टाकी संध्याकाळी कढत पाणी देते, म्हणजे पॅनेल आपलं काम चोख करतंय. उष्णता जातेय ती रात्री. दुकानदाराला विचाराल तर तो मोठी टाकीच दाखवणार.

आमच्या गोव्यातल्या म्हार्दोळच्या घरी हेच झालं. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं आणि थोरल्या भाऊजींनी त्याचा धसका घेतला. पुढच्या वादळात उंच स्टँडवरची टाकी अंगणात येणार म्हणून वेल्डर बोलावून स्टँडचे पाय कापून घेतले. टाकी पॅनेलच्या बरोबरीला आली, दिसायला अगदी सुबक. तेव्हापासून सकाळचं पाणी कोमट. भाऊजींचं निदान: टाकी जुनी झाली, आतला फोम गेला. ते सिव्हिल इंजिनिअर. मी आपली हायस्कुलात विज्ञान शिकवणारी.

पण चंचुपात्रात परमँगनेटचा खडा टाकून अभिसरण पोरांना मीच दाखवत आलेय ना! डिसेंबरात एका रात्री जेवणं उरकून गच्चीवर गेले. शेजारच्या पत्र्यावर दव साचलेलं, आमच्या पॅनेलच्या काचेवर मात्र टिपूस नाही. पॅनेलच्या माथ्यावरून टाकीत जाणाऱ्या पाइपला हात लावला तर चटका बसला. ऊन नसताना तो पाइप गार पडायला हवा. टाकीतलं गरम पाणी त्याच वाटेने उलटं पॅनेलमध्ये उतरत होतं, तिथे गार होऊन खालच्या पाइपने परत टाकीत जात होतं. रात्रभर हाच उद्योग. दोनशे लिटर पाणी वीस अंशांनी उतरलं की साडेचार युनिट विजेइतकी उष्णता गेली म्हणून समजा.

भाऊजींना सांगितलं तर म्हणे, "पुस्तकातलं वेगळं असतं." मग नवी, मोठी टाकी आली, त्याच बुटक्या स्टँडवर बसली, आणि आम्हाला पूर्वीपेक्षा जास्त कोमट पाणी मिळू लागलं. शेवटी ह्यांनी वेल्डरला परत बोलावलं आणि टाकीचा तळ पॅनेलच्या वरच्या कडेपेक्षा फूटभर वर नेला. वाऱ्याची भीती होती तर स्टँड स्लॅबला बोल्टने आवळायचा, तारेचे ताण द्यायचे, पाय कशाला कापायचे? पाणी दुसऱ्याच दिवशी सुधारलं. भाऊजी अजून पाहुण्यांना सांगतात की नवी टाकी चांगली निघाली.

तुम्ही एक करा. रात्री टाकीतून घरात येणारा गरम पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करा, सकाळी उघडा. पाणी कढत आलं तर दोष घरातल्या लाइनमध्ये. बहुतेक वेळा तो न्हाणीघरातला मिक्सर, म्हणजे गरम-गार पाणी एकत्र करणारा नळ असतो: दोन्ही कॉक उघडे ठेवून हँडशॉवर नुसता बटणावर बंद केला, की जास्त दाबाचं गार पाणी गरम लाइनमध्ये घुसतं. तिथे गरम लाइनवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, बसवा. रात्रभर व्हॉल्व्ह बंद ठेवूनही कोमटच आलं तर टाकीची उंची बघा. उंची बरोबर असेल तर टाकीचा बाहेरचा पत्रा कुठे गंजलाय का ते पाहा. आपल्याकडच्या पावसात आतलं अस्तर एकदा भिजलं की ते उष्णता धरत नाही.

हे सगळं सपाट पॅनेलचं झालं. काचेच्या नळ्या थेट टाकीत बसवलेल्या असतील तर उंचीचा मुद्दा सोडून द्या. आणि व्हॉल्व्ह फक्त गरम पाण्याचाच बंद करायचा, हवेच्या पाइपला हात लावायचा नाही.

हीट पंप आपल्या दमट हवेत चांगला चालतो, पावसाळ्यातही. पण त्याची टाकीसुद्धा याच मिक्सरला जोडली जाणार. आणि घरात कोणी इंजिनिअर असेल तर रात्री त्यांनाच गच्चीवर पाठवून पाइपला हात लावायला सांगा.